अर्ध्यावरची बॅटरी

कार्तिकात भंडाऱ्याहून पवनीच्या रस्त्याला लागलं की एसटीच्या खिडकीतून आधी वास येतो आणि मग गाव. कापलेल्या धानाचा वास. थोडा ओलसर, थोडा गोडसर, आणि तळाशी धूळ. दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांत, कडपा पसरलेल्या असतात, म्हणजे कापून जागच्या जागी वाळत घातलेलं धान. त्यांच्या मधून लाखोळी या कडधान्याची हिरवी, नाजूक पात डोकं वर काढत असते. धान उभं असतानाच तिचं बी टाकून ठेवलेलं असतं. एक पीक आडवं झालं की दुसरं उभं राहतं, मध्ये मोकळा वेळ म्हणून नाहीच. मी डोळे मिटून बसते आणि वासावरून ओळखते, अड्याळ आलं. डोळे मिटून ओळखायची सवय आमच्या घरात आता माझी एकटीची राहिलेली नाही.

लोकांना दिवाळी म्हटलं की चकल्या आठवतात, फटाके आठवतात. मला एक बारीकसा ‘टीं टीं’ आवाज आठवतो. बॅटरी भरल्याचं सांगणाऱ्या चार्जरचा. आमच्या घरी या दिवसांत तीन गोष्टी एकाच वेळी चालत: धान घरी आणणं, घर सारवणं आणि विमान उडवणं. पहिल्या दोन सगळ्या गावात चालत. तिसरी फक्त आमच्याकडे.

बाबा चित्रकलेचे मास्तर. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, पण गावाला ते अजून मास्तरच. निवृत्त माणसाने देवळात बसावं, निदान ग्रामपंचायतीसमोरच्या कट्ट्यावर तरी बसावं, अशी गावाची माफक अपेक्षा असते. बाबांनी कुठल्या तरी मेळ्यात रिमोटवर उडणारं विमान पाहिलं आणि घरी येऊन म्हणाले, “मी बनवतो.” तलावातली मासळी बर्फात घालून ज्या थर्मोकोलच्या पेट्यांतून बाजारात जाते, त्या फुटक्या पेट्या त्यांनी गोळा केल्या. त्या कापून, चिकटवून, घासून पंख केले. विमान देखणं झालं, पण वास मासळीचा. पहिल्याच दिवशी एक घार त्याच्या मागे लागली आणि बाबांनी घाबरून विमान शेजारी गोमाजीकाकांच्या तुरीत उतरवलं. काका म्हणाले, “मास्तर, हे पेट्रोलवर चालते का डिझेलवर?” बाबा म्हणाले, “बॅटरीवर.” काका थोडा वेळ विचार करून म्हणाले, “मंग त्या घारीले काय माहीत!”

त्या विमानाचं नाव ढोकरी. तलावाच्या काठाला चिखलाच्या रंगाचा एक बगळा बसलेला असतो, दिसतही नाही. उडाला की एकदम पांढराशुभ्र. तीच ढोकरी. बाबांनी विमान वरून मातकट रंगवलं आणि पोटाकडून पांढरं. तुरीतल्या त्या फजितीनंतर ते उडवायला कारध्याच्या पुलाखाली, नदीच्या रेतीत जायचे. पुढे धरणाचं तुंबलेलं पाणी तिथवर सरकत आलं, ती रेती बुडाली. मग आमच्याच बांध्यांवर, धान निघाल्यावर. म्हणून आमच्याकडे उडवायचा मोसम पंचांगात नसे, धानात असे. कडपा उचलल्या, भारे बांधले, पुंजणं, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचलं, की लाखोळीच्या मऊ हिरव्यावर विमान पोटावर घसरवत उतरवता यायचं. आई लाखोळीसाठी रागवायची आणि मग तिथेच वाकून भाजीपुरते शेंडे खुडायची.

पण ही गोष्ट विमानाची नाही, बॅटऱ्यांची आहे. आणि बॅटऱ्या आईच्या होत्या.

त्या तिच्याकडे आल्या त्याचं कारण बाबांचा स्वभाव. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बॅटरी भरायला तासभर लागायचा आणि हे दर पाच मिनिटांनी जाऊन वायर हलवून बघायचे. एकदा त्यांनी करंट वाढवून लवकर भरायचा प्रयत्न केला, तेव्हा बॅटरी इतकी तापली की आईने चिमट्याने उचलून अंगणातल्या मातीत नेऊन ठेवली आणि जाहीर केलं, “आजपासून ह्या माह्या. तुमी फक्त उडवा.” बाबांनी तिला जे काही येत होतं ते शिकवलं आणि सुटल्यासारखे मोकळे झाले.

बॅटऱ्या लहानशा, चपट्या, चिक्कीच्या वडीएवढ्या. आत तीन खण. चार्जरच्या छोट्या पडद्यावर तिन्ही खणांचे आकडे वेगवेगळे दिसत आणि ते सारखे भरताहेत ना, याकडे लक्ष द्यावं लागे. एक खण पुढे पळाला आणि दुसरा मागे राहिला तर बॅटरी बिघडते. आई म्हणायची, “एकाच घरचे तिघं, सारखं वाढा लागते.” फुटक्या माठाचं बूड, त्यात रेती, रेतीवर बॅटरी, आणि शेजारी सुपात तांदूळ घेऊन आई. बॅटरी चार्जिंगला लावून उठून जायचं नाही, हा नियम तिला कुणी समजावून सांगावा लागला नाही. चुलीवर दूध ठेवून कोणी शेजारी गप्पा मारायला जातं का? तांदळातले खडे निघत, आकडे चढत, आणि मधूनमधून ती बॅटरीवर हाताची मागची बाजू टेकवून बघे. तापाच्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. कोमट असली तर ठीक, गरम लागली तर वायर काढायची.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे अर्ध्याचा.

ह्या बॅटऱ्यांचा स्वभाव विचित्र. पूर्ण रिकामी झाली तर मरते. पूर्ण भरून तशीच ठेवली तर आतून बिघडते, हळूहळू वायू धरते आणि फुगते. जेव्हा उडवायचं तेव्हाच भरायची. उडवताना थोडी शिल्लक असतानाच खाली उतरवायची. आणि ठेवून द्यायची असेल तर पुन्हा अर्ध्यावर आणून, थंड जागी. चार्जरमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते. आईने खुणेसाठी दोरे बांधले. भरलेलीला लाल, अर्ध्यावरचीला पांढरा. पांढऱ्या दोऱ्याच्या बॅटऱ्या पत्र्याच्या डब्यात घालून, डबा पाण्याच्या माठाजवळ, गारव्याला ठेवायचा.

मी ह्या नियमावर खूप हसले आहे. माझा स्वभाव एक तर काठोकाठ, नाही तर ठणठणाट. फोन शंभर टक्के झाल्याशिवाय मला घराबाहेर पाऊल टाकवत नाही आणि माणसावर रुसले तर बॅटरी पार शून्यावर. आई म्हणायची, “तुह्यासारखीले हे जमाचं नाही.” जमलंही नाही. आपल्याकडे सगळे आशीर्वादच भरलेपणाचे. भरली ओटी, भरला चुडा, भरलं घर, भरल्या पोटी. अर्ध्याला आपल्याकडे मान नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्याला लोक हसतात, अर्ध्यावर डाव सोडणाऱ्याला नावं ठेवतात. अशा भाषेत वाढलेल्या बाईने डब्यात चार अर्ध्या बॅटऱ्या सुखाने ठेवाव्यात, याचं मला आता नवल वाटतं. तेव्हा वाटत नसे.

आता त्या वर्षाचं.

त्या वर्षी ढोकरीच्या पोटाचा रंग बदलला. आधी पांढऱ्यावर दोन लाल पट्टे आले. मग सगळं पोट लाल. मग भडक नारिंगी, वर चकाकणारी पट्टी. मी सुट्टीत आले की दर वेळी नवा रंग. मी म्हटलं, “बाबा, ढोकरी आहे की रावण?” ते हसले. आई हसली नाही. तिला आधीच कळलं होतं. बाबांना विमान दिसेनासं झालं होतं, आणि चित्रकलेच्या मास्तराने त्यावर त्याला सुचला तो उपाय केला होता. रंग गडद करत न्यायचा.

काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली राखण्यासाठी ऑपरेशन करू. बाबांची नजर कडांकडून आत आत मिटत आली होती. समोरचं दिसायचं, पण ताटलीएवढंच. त्याबाहेर काही गेलं की गेलं. रस्त्यावरची सायकल त्यांना एकदम समोर उगवल्यासारखी वाटायची. ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. त्यानंतर धूळ, ऊन, वर बघणं सगळं बंद, आणि पुढे किती दिसेल ते कोणी सांगेना. बाबांनी डॉक्टरांशी वाद घातला नाही. घरी आल्यावर एकच म्हणाले, “धान निघू द्या. बांधी मोकळी झाली का एक डाव उडवून घेतो. मंग काय कराचं ते करा.”

त्या मोसमात आमच्या घरात एवढीच एक गोष्ट पणाला लागलेली होती. धान निघण्याआधी तारीख येते, की तारखेआधी धान निघतं. जगाच्या हिशेबात क्षुल्लकच. एक म्हातारा, एक थर्मोकोलचं खेळणं. पण आई-बाबा रोज सकाळी उठून धानाच्या लोंबीकडे बघायचे, आणि मी फोनवर आधी धानाचं विचारायची.

लक्ष्मीपूजनाला मी घरी होते. आमच्या घरची एक रीत आहे. त्या संध्याकाळी घरात काही अर्धं ठेवायचं नाही. पाण्याची भांडी काठोकाठ, मिठाची बरणी तोंडापर्यंत, तेलाची बाटली भरलेली, ढोलीत, म्हणजे कणगीत, जुनं धान कमी असेल तर निदान तिच्या तोंडाशी एक टोपली भरून. लक्ष्मी घरात येते तेव्हा तिला रितं दिसू नये म्हणून. आई सकाळपासून हेच करत होती. पूजेच्या पाटाजवळ हळदीकुंकू लावून चारही बॅटऱ्या मांडल्या होत्या, जसे इतर घरांत दसऱ्याला विळे-कोयते मांडतात. त्या वर्षी त्यांना लाल दोरे होते. मला वाटलं सणाचे म्हणून. छान दिसत होते.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला त्या पुन्हा अर्ध्यावर यायच्या होत्या. पण पाडव्याला आभाळ आलं. कडपा शेतात पडलेल्या आणि पूर्वेकडून काळंनिळं काहीतरी चढत येत होतं. कापलेलं धान भिजलं तर जागीच अंकुर फुटतात, मग वर्षभराची मेहनत कोंबड्यांना. सगळं गाव बांध्यांमध्ये धावलं. आम्हीही. आईने घाईघाईत बॅटऱ्यांचा डबा उचलून माळ्यावर टाकला, पाहुण्यांच्या पोरांचे हात लागू नयेत म्हणून. माळ्यावर पत्रे. आभाळ दोन दिवस गुरगुरलं आणि न पडता निघून गेलं. मग ऊन असं पडलं की पत्र्यावर पापड भाजावेत. भारे बांधणं, पुंजणं रचणं, भाऊबीज, पाहुणे, यांत डबा वरच राहिला.

बांधी मोकळी झाली तेव्हा तारीख अगदी तोंडाशी आली होती. बाबांनी ढोकरीचे पंख पुसले, पंखा हाताने फिरवून पाहिला आणि हाक मारली, “ऐकते का, बॅटऱ्या काढ.”

आईने डबा खाली आणला. झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिली. मी जवळ गेले. चिक्कीच्या वड्या कुठल्या, पुऱ्या झाल्या होत्या. तीन बॅटऱ्यांची पोटं टम्म फुगलेली, लाल दोरा त्यांत रुतलेला. चौथी, सगळ्यात नवी, तेवढी सपाट होती.

बाबांनी एक उचलली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. बघण्यापेक्षा त्यांचा विश्वास तेव्हाच बोटांवर जास्त होता.

“भरून ठेवल्या होत्या?”

“हो.”

“काहून?”

आई खोटं बोलली असती तर चाललं असतं. विसरले म्हणाली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. ती म्हणाली, “मले माहीत होतं. माहीत नाही असं नाही. पन त्या दिवशी घरात काहीच अर्धं ठेवाची हिंमत नाही झाली माही. तुमच्या डोळ्याचं मनात होतं.”

बाबांनी ती फुगलेली बॅटरी जपून रेतीवर ठेवली आणि म्हणाले, “अति तिथे माती म्हंतात, ते हेच पाहा.” आई रडता रडता हसली. मला मात्र हसू आलं नाही. मला दोघांचाही राग आला होता, कारण मला रागावण्यासारखं दुसरं काही हाताशी नव्हतं. काचबिंदूवर कोण रागावणार?

फुगलेली बॅटरी घरात ठेवायची नसते आणि भरलेली फेकायचीही नसते. आतलं सगळं आधी संपवावं लागतं. बाबांनी मोटारसायकलचे तीन जुने बल्ब शोधून काढले. अंगणात, भिंतीपासून दूर, रेतीवर तिन्ही बॅटऱ्या मांडल्या आणि प्रत्येकीला एक बल्ब जोडला. दिवे लागणीची वेळ होती. तुळशीजवळ पणती, आणि पलीकडे हे तीन दिवे. आम्ही तिघं ओसरीच्या पायरीवर लांबून बघत बसलो. आधी ते डोळ्यांत खुपण्याएवढे लख्ख होते. मग पिवळे झाले. मग हळदीसारखे, मग विझत आलेल्या चुलीतल्या निखाऱ्यासारखे तांबूस. कोणता आधी विझणार यावर मी मनातल्या मनात पैज लावली आणि हरले. मधेच बाबा म्हणाले, “मधला गेला का?” तो गेला नव्हता. चांगला लागलेला होता. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, “जाऊन राहिला.”

ते वाक्य मी विसरणार नाही. ऑपरेशनच्या कागदांवरून, डॉक्टरांच्या बोलण्यावरून मला जे कळलं नव्हतं, ते त्या बल्बने सांगितलं.

मी फोनवर नव्या बॅटऱ्या शोधल्या. मिळत होत्या, पण पोचायला तारखेच्या पलीकडे जाणार होत्या. दुकानदार म्हणाला, ताई, या बॅटऱ्या विमानाने पाठवत नाहीत, पेट घ्यायची भीती असते, रस्त्यानेच येतात आणि आता सणाचे दिवस. बाबांना हे भारी आवडलं. “म्हंजे विमानाची बॅटरी विमानात बसत नाही?” आलेल्या-गेलेल्याला ते हे सांगत सुटले. मला वाटलं, निराश झालेला माणूस असा हसत नाही. आता वाटतं, तसाच हसतो.

एक बॅटरी होती. म्हणजे एकदा उडवणं. आईने ती त्याच दिवशी पुन्हा अर्ध्यावर आणून ठेवली होती.

ठरलेल्या सकाळी लाइन गेली. आई म्हणाली, “बरं झालं, बांधीतच भरू.” गोमाजीकाकांचा ट्रॅक्टर पुंजण्याजवळ उभा होता. चार्जरला दोन चिमटे असतात, ते ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावले. माठाचं बूड धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या उंचवट्यावर, ठेवलं, त्यात रेती, रेतीवर ती एकुलती एक बॅटरी. आई शेजारी पदर डोक्यावर ओढून बसली. त्या दिवशी सूप नव्हतं, तिने नुसत्या आकड्यांकडे बघितलं. काका म्हणाले, “वहिनी, मोठीचं दूध लहानीले पाजून राहिल्या का?” आईने मान हलवली. थंडीचं कोवळं ऊन, ताज्या तणसाचा, धानाच्या काड्यांचा वास, तलावाच्या पारेवर, मातीच्या बांधावर, बगळे. बाबा उकिडवे बसून रिमोटच्या दोन काड्यांवर अंगठे फिरवत होते, विमान अजून जमिनीवरच होतं. त्या दिवशी बाबांनी एकदाही वायर हलवली नाही.

‘टीं टीं’ झालं. आईने हाताची मागची बाजू टेकवली. “कोमट हाय. घ्या.”

मी ढोकरी हातातून सोडली. ती खाली दबली, लाखोळीला पोट लागता लागता उचलली गेली आणि वर चढली. नारिंगी पोट उन्हात चमकलं. पहिलं वळण बाबांनी सुंदर घेतलं. दुसऱ्या वळणावर त्यांची मान थांबली आणि मला कळलं, विमान त्यांच्या ताटलीतून निसटलं.

“कोठी हाय?” ते हळू आवाजात म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत आई त्यांच्या खांद्याशी उभी होती. “मोहाच्या झाडाच्या उजव्या अंगाले. थोडी वर. हा, आता पारेवर. डावीकडे वळवा, अजून, अजून... बस.” तिने आयुष्यात रिमोट हातात धरला नव्हता. पण इतकी वर्षं बांधीच्या कडेला घड्याळ बघत, आवाज ऐकत उभी राहिलेली ती. ढोकरी कुठे असेल आणि पुढच्या क्षणी कुठे जाईल हे तिला ठाऊक होतं. बाबांना दिसलं की ते “हाय, हाय” म्हणायचे. निसटलं की गप्प व्हायचे आणि ती बोलायला लागायची. दोघांनी मिळून ते विमान उडवलं. तिचे डोळे, त्यांचे अंगठे. मी मधे उभी होते आणि खरं सांगते, त्या वेळेपुरती मला कशाचीच भीती वाटली नाही.

मग मोटरचा आवाज जरासा खाली आला. एरवी ते बाबांच्याच आधी लक्षात यायचं. आई म्हणाली, “आवाज उतरला. आता खाली घ्या.”

“एक चक्कर अजून,” बाबा म्हणाले.

मला म्हणायचं होतं, घेऊ दे ना. काय बिघडणार आहे? बॅटरी मरेल, मरू दे. पुन्हा कोण उडवणार आहे?

“नाही,” आई म्हणाली. “शिल्लक ठेवा लागते. पुढच्या खेपेले पाहिजे का नाही बॅटरी?”

बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. विमान आकाशात सोडून पाहिलं, जे कधी करायचं नसतं. मग नाक खाली केलं आणि तिच्या सांगण्यावर, “धुरा गेला, आता सोडा, सोडा,” ढोकरी लाखोळीवर घसरत येऊन थांबली. आईने जाऊन बॅटरी काढली. घरी नेऊन, लाइन आल्यावर, ती बरोबर अर्ध्यावर आणली आणि पांढरा दोरा बांधला. जे संपलं असं आपण धरून चालतो त्याची कोणी इतकी निगा राखत नाही. बाबांना ते बांधीतच उमगलं होतं. मला घरी, दोऱ्याची गाठ बसताना उमगलं आणि मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

ऑपरेशन झालं. जे राखायचं त्यातलं थोडं राखलं गेलं, थोडं गेलंच. आता बाबांना उजेड-अंधार कळतो, दारात कोणी उभं राहिलं तर सावली कळते. माणूस ते पावलांवरून ओळखतात, धान वासावरून, आणि कोणता तलाव भरला ते बेडकांवरून सांगतात. कधीकधी चिडतात, ताट सरकवतात. सगळं शांतपणे स्वीकारलं असं मी लिहिलं तर आई हे वाचून मला फटकारेल. ढोकरी ओसरीच्या वाशाला टांगलेली होती. पण दर महिन्याला आई डबा काढायची, बॅटरी चार्जरला लावून बघायची. थोडी उतरली असेल तर पुन्हा अर्ध्यावर आणायची. बाबा विचारायचे, “किती?” ती सांगायची, “अर्धी हाय.” आणि दोघंही आपापल्या कामाला लागायचे. मी म्हटलं, नव्या घेऊ या का दोन-तीन? आई म्हणाली, “कायले? हे जिवंत हाय ना.”

मग कधीतरी दुपारच्या रिकाम्या वेळात बाबांनी तिच्या हातात रिमोट दिला. विमान वाशावर, ही ओसरीवर, आणि हे शेजारी बसून शिकवताहेत. डावी काडी, उजवी काडी. “नाक तुह्याकडे असलं का सगळं उलटं होते, ध्यानात ठेव.” माझी भर एवढीच की तोल सांभाळणारी एक लहानशी चिप मी नागपूरहून आणून ढोकरीत बसवून घेतली. गेल्या मोसमात आईने विमान दोनदा लाखोळीत नाकावर घातलं आणि दोन्ही वेळा वाऱ्याला दोष दिला.

यंदा मी पोचले तेव्हा पुंजणं रचून झालं होतं. लक्ष्मीपूजनाला घर रीतीप्रमाणे काठोकाठ भरलं होतं, आणि पाटावर हळदीकुंकू लावलेली बॅटरी पांढऱ्या दोऱ्याची होती, असं आईने मला आपणहून सांगितलं.

सकाळी बांधीत बॅटरी भरली. बाबांनी अंगठ्याने तिचं पोट चाचपलं. “सपाट हाय. म्हातारी झाली पन सपाट हाय.” मी ढोकरी सोडली. आईचे ओठ घट्ट मिटलेले, पदर खोचलेला. पहिलं वळण थोडं अवघडलेलं, दुसरं बरं, तिसरं असं की गोमाजीकाकाही पुंजण्यावरून उठून उभे राहिले. पोटाचा नारिंगी रंग उडून गेला आहे, खालचा पांढरा दिसतो. ढोकरी खरी ढोकरी झाली होती.

बाबा आईच्या खांद्याशी उभे होते, तोंड वर करून. थोड्या वेळाने त्यांची भुवई हलली. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

“आवाज उतरला,” ते म्हणाले. “खाली घे आता.”

आईने वरून नजर काढली नाही. “एक चक्कर अजून,” ती म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं. ते क्षणभर थांबले. बॅटरीत काय उरलं असेल याचा अंदाज घेत असावेत, किंवा आणखी कशाचा.

“घे,” ते म्हणाले. “त्या सालची राहिलीच हाय.”

आईने काडी कलवली. ढोकरी मोहाच्या झाडाकडे वळली, पारेवरून गेली, आणि बाबांचा चेहरा त्या आवाजामागे हळूहळू पुरता एक फेर फिरला.